दोन इसोबेल

श्रूजबरी, १२ जानेवारी २०२५

प्रिय रत्नामावशी,

नमस्कार. तीर्थरूपपासून साष्टांगपर्यंत सगळं लिहायला शाळेत शिकवलं होतं, पण ते लिहायला गेलं की निम्मं पान तिथंच संपतं. तेव्हा ते सगळं पोचलं असं समज. तू म्हणालीस म्हणून कागदावर लिहिते आहे. फॅमिली ग्रुपवर एक ओळ टाकली तरी दहा मिनिटांत नागपूरहून आईचा फोन येतो, आणि आईला यातलं अजून काहीच सांगायचं नाही.

दोन्ही वेळा जमलं नाही, हे तुला माहीतच आहे. क्लिनिकमध्ये आता आमचा एकच एम्ब्रियो फ्रीझ करून ठेवलेला आहे. तो वापरायचा की नाही, ते जूनअखेर कळवायचं. इयन म्हणतो, तू ठरव. मी म्हणते, तू ठरव. ऑगस्टमध्ये मला एक्केचाळीस पूर्ण होतील.

डोक्यात तेच तेच फिरायला नको म्हणून एक उद्योग काढला आहे. माझे सासरे डग्लस मे महिन्यात ऐंशीचे होतात. त्यांना भेट म्हणून मथीसन घराण्याचा वंशवृक्ष करते आहे. त्यांचे आजोबा स्कॉटलंडहून इथं अमेरिकेत, क्विन्सीला ग्रॅनाइट फोडायला आले, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या मागचं मी जुन्या जनगणना आणि चर्चच्या नोंदवह्या पाहून शोधून काढलं. सगळी अबरडीनच्या बाजूच्या खेड्यांतली शेतावर राबणारी माणसं.

आणि एक गोष्ट बघून मी चक्रावले. मला वाटत होतं, जुन्या काळी सगळीकडे पोरींची लग्नं पंधरा-सोळाव्या वर्षी होत असणार. इथं चौदा लग्नं सापडली. नवरीचं सरासरी वय सत्तावीस. एक तर चौतिसाव्या वर्षी बोहल्यावर चढली, म्हणजे त्यांच्याकडे जिथं चढतात तिथं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी, खेड्यात, आणि कुणी तिला काही बोललं असेल असं त्या वहीत तरी दिसत नाही.

आमच्या इथली आसावरी परवा मंडळाच्या कार्यक्रमाला भेटली. म्हणाली, "अगं यार, तू नवऱ्याच्या खापरपणज्यांचे डिटेल्स काढत बसलीस, स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव तरी माहीत आहे का तुला?" नाही ना माहीत. तुला आहे?

तुझी,
देवयानी

ट्रॉय, २५ जानेवारी

चि. देवयानी,

आशीर्वाद पाकिटात भरून पाठवले आहेत, सांडले नसतील अशी आशा आहे.

तुझ्या पणजीचं, म्हणजे माझ्या आजीचं माहेरचं नाव ठकू. लग्नात लक्ष्मी झाली. आडनाव बदललं, नावही बदललं, आणि कागदावर ठकू कुठंच उरली नाही. तुझ्या त्या स्कॉटिश बायकांचं काय होतं? लग्नानंतर सापडतात का? हे मला नीट कळव. आपल्याकडच्या बायका शोधायच्या म्हटल्या तर पोलीससुद्धा हात टेकतील.

ठकूचं लग्न तेराव्या वर्षी. नऊ बाळंतपणं, शेवटचं चाळिसाव्या वर्षी. माझं स्वतःचं लग्न एकोणतिसाव्या वर्षी झालं आणि मला सगळे घोडनवरी म्हणायचे. सासूबाई बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मुलगी जरा मोठी वाटते." तुझे आजोबा शांतपणे म्हणाले, "उंच आहे ती." त्यांच्या आयुष्यातलं तेवढं एकच खोटं मी ऐकलं, आणि तेही अगदीच खोटं नव्हतं.

आता कामाचं. सरासरी मला सांगू नकोस. मी सव्वीस वर्षं मोटार कंपनीत वॉरंटीचा डेटा पाहिला आहे. कुठला भाग किती मैलांनंतर मान टाकतो, हे सरासरीवरून कळत नाही. यादी पाठव. प्रत्येक बाईचं नाव, जन्माचं साल, लग्नाचं साल, पहिलं मूल, शेवटचं मूल. आणि ते लोक लग्नाला इतके का थांबत होते ते शोध. हौस म्हणून कुणी सत्तावीसपर्यंत थांबत नाही.

अरुणकाका विचारतात, तुमच्याकडे बर्फ किती? त्यांना आमच्यापेक्षा कमी सांग, नाहीतर बिचारे हिरमुसतील.

रत्नामावशी

श्रूजबरी, ९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

यादी सोबत जोडली आहे. बर्फ तुमच्यापेक्षा कमी.

का थांबत होते ते सापडलं. ही माणसं दुसऱ्यांच्या शेतावर सहा-सहा महिन्यांच्या कराराने राहायची. करार संपला की गावच्या जत्रेत उभं राहायचं आणि नवा मालक शोधायचा. जिथं काम करायचं तिथंच झोपायचं, आणि तिथं बायकोला जागा नसायची. स्वतःचं घर नाहीतर जमिनीचा तुकडा मिळाल्याशिवाय लग्न करता यायचं नाही, आणि तो मिळेपर्यंत सत्ताविशी उजाडायची. मला एकदम ओळखीचं वाटलं. मी आधी स्टुडंट व्हिसा, मग वर्क व्हिसा, मग त्याचं एक्स्टेन्शन, मग ग्रीन कार्डाची रांग असं करत छत्तिसाव्या वर्षी लग्न केलं. तेव्हा आई म्हणायची, जगात असं कुठं होत नाही. आता मी तिला अबरडीनचा पत्ता देऊ शकते.

आणि हो, त्यांच्या बायका सापडतात. लग्न झालं तरी चर्चच्या वहीत माहेरचंच आडनाव लिहायचे, कित्येक थडग्यांवरसुद्धा तेच आहे. ठकू तिकडे असती तर मरेपर्यंत ठकूच राहिली असती.

आता मुख्य गोष्ट. यादीत अकराव्या ओळीवर इसोबेल रियाख बघ. इयनची खापरपणजी. बाप्तिस्मा जानेवारी १८२१, लग्न १८५३. मुलं आठ, १८५४ पासून दर दोन वर्षांनी एक. आठवा जेम्स, तोच पुढे क्विन्सीला आला, त्याचा जन्म ऑक्टोबर १८६८. मी चार वेळा वजाबाकी केली, मावशी. सत्तेचाळीस. ना क्लिनिक, ना इंजेक्शनं, ना पोटावर निळे डाग. आणि तो जेम्स जन्मला नसता तर आज डग्लस नसते, इयन नसता.

त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी मी मनापासून जेवले. इयनला म्हटलं, तुमच्या घरात सत्तेचाळीसपर्यंत चालतं, मी तर अजून चाळीसची आहे. मी क्लिनिकला हो कळवावं म्हणते. जूनपर्यंत कशाला थांबायचं?

देवयानी

ट्रॉय, २ मार्च

चि. देवयानी,

पत्राला उशीर झाला, कारण लिहावं की नाही यातच दोन आठवडे गेले. तू मनापासून जेवलीस हे वाचून मला बरं वाटलं होतं, आणि आता मीच तुझ्या ताटात मीठ जास्त घालणार आहे. पण यादी मागितली मी, तेव्हा सांगणंही मलाच भाग आहे.

पहिली गोष्ट तुलाही माहीत आहे. इसोबेल ही इयनची खापरपणजी. तिच्या अंगात जे काही होतं ते तुझ्यात आलेलं नाही. तुझ्यात आली असेल तर ठकू.

दुसरी गोष्ट. तुझ्या यादीतल्या बाकीच्या सगळ्या बायकांचं शेवटचं मूल एकोणचाळीस ते बेचाळीस या वयात झालं आहे. लग्न चोविसाव्या वर्षी झालेलं असो की चौतिसाव्या, थांबल्या तिथंच. आमची ठकू तेराव्या वर्षी सुरू झाली तरी तीही चाळिशीतच थांबली. हे मला फार गमतीचं वाटलं, सुरुवात कुठंही असो, शेवट जवळपास एकाच जागी. फक्त इसोबेल त्याच्या बाहेर पडते. एकच भाग बाकीच्यांपेक्षा इतका जास्त टिकला असं दिसलं, की आम्ही आधी भागाचं कौतुक करायचो नाही, फॉर्म तपासायचो.

म्हणून मी तिच्या जनगणना बघितल्या. तिथं तिचं वय १८५१ मध्ये २४, १८६१ मध्ये ३४, १८७१ मध्ये ४४ लिहिलं आहे. म्हणजे तुझ्या बाप्तिस्म्यापेक्षा दर वेळी बरोबर सहा वर्षं कमी. वय चोरणारी बाई एकदा तीन वर्षं चोरते, एकदा आठ. वीस वर्षांत इतक्या टापटिपीनं कुणी चोरत नाही. खोटं बदलत राहतं. हे बदललेलं नाही, म्हणजे ते खरं असावं.

मला वाटतं, तू लावलेला बाप्तिस्मा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. कुणाचा, ते मला कळलेलं नाही. तू शोध. आणि क्लिनिकचं जे ठरवशील ते ठरव, पण इसोबेलच्या भरवशावर नको.

रत्नामावशी

श्रूजबरी, ३० मार्च

प्रिय मावशी,

तीन आठवडे मी तुझ्यावर चिडले होते. फोन उचलला नाही तो त्यामुळे. अगदी स्पष्ट सांगायचं तर पत्र फाडायला घेतलं होतं, पण तुझं अक्षर इतकं सुरेख आहे की हात धजला नाही.

मग काल बसले. मी १८२१ ची नोंद सापडल्यावर शोधायचीच थांबले होते. आईबापांची नावं जुळत होती, गाव जुळत होतं, मुलीचं नाव जुळत होतं. आणखी काय हवं? त्याच आईबापांची आणखी एक इसोबेल असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आपल्याकडे कुणाच्या डोक्यात येईल? एका घरात सख्ख्या दोघी बहिणी, दोघींचं नाव एकच?

पण आहे. तीच वही, आठ पानं पुढं, फेब्रुवारी १८२७. बाप जॉन रियाख, आई तीच, मुलगी इसोबेल. इथल्या लायब्ररीत वंशावळींचा ग्रुप आहे, त्यातल्या एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, हे तर नेहमीचंच. तिकडे आईच्या आईचं नाव एका मुलीला द्यायचंच असा रिवाज होता. ती मुलगी गेली, तर तेच नाव पुढच्या मुलीला द्यायचे, म्हणजे आजीचं नाव घरात राहतं. त्या काळी तिथल्या चर्चमध्ये मृत्यूची वहीच ठेवलेली नाही. पहिली इसोबेल कधी गेली, कशानं गेली, कुठंही लिहिलेलं नाही. दुसरी आली, यावरूनच कळायचं की पहिली नाही.

आपल्याकडे गेलेल्या मुलाचं नाव घरात कुणी पुन्हा उच्चारत नाही, मग दुसऱ्या मुलाला देणं तर लांबच. त्या आईला ते नाव रोज हाक मारताना काय होत असेल? की बरंच वाटत असेल?

तेव्हा तुझं बरोबर होतं. इसोबेलला जेम्स झाला तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची. म्हणजे जवळजवळ माझ्याएवढी. पण तिचं ते आठवं होतं आणि माझं दुसरं, त्यात तुलना काय करायची. क्लिनिकला अजून काही कळवलेलं नाही.

देवयानी

ट्रॉय, ६ एप्रिल

माझी देवयानी,

तुझं पत्र काल आलं. मी दोनदा वाचलं आणि मग काकांना वाचायला दिलं. नेहमी देत नाही.

तू लिहिलं आहेस, 'माझं दुसरं'. मी यादीतले आकडे तपासणारी बाई आहे, मला ते दिसलंच. मला फक्त एवढंच माहीत होतं, की दोन वेळा जमलं नाही. मग पहिलं कुठलं?

तुला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. पण मी मागं जाऊन पाहिलं. २०२३ मध्ये दिवाळीला तू नागपूरचं तिकीट कॅन्सल केलंस. पाठ धरली आहे म्हणालीस. मी तुला शेकायची पिशवी पाठवली, आणि वर फोन करून विचारलं, नीट शेकतेस ना? तू हो म्हणालीस. आज त्या फोनची मला लाज वाटते.

तुझ्याकडून मी काही काढून घ्यायच्या आधी माझं सांगते. हे तुझ्या आईला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. आमच्या शंतनूच्या आधी, १९८६ च्या मार्चमध्ये, मला मुलगा झाला होता. इथंच, मिशिगनमध्ये. तीन दिवस जगला. हॉस्पिटलमधली बाई फॉर्म घेऊन आली आणि नाव विचारलं. आम्ही म्हटलं, आमच्यात बारसं बाराव्या दिवशी होतं, तेव्हा सांगू. तिनं 'बेबी बॉय सबनीस' लिहिलं. बारावा दिवस आलाच नाही. सर्टिफिकेटवर अजून तेच आहे. नंतर नाव ठेवायला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही धजलो नाही. आपल्या रीतीनं, नाव नाही म्हणजे तो घरात आलाच नाही.

एकोणचाळीस वर्षं मी गाड्यांचे, माणसांचे, जगाचे आकडे मोजले. कुणी 'मुलं किती?' विचारलं की 'एक' म्हणते आणि प्रत्येक वेळी चूक सांगते आहे असं वाटतं. तुझी ती इसोबेलची आई मला आवडली. तिनं निदान दोन्ही नावं वहीत लिहिली.

तू त्याला किंवा तिला काही नाव दिलं होतंस का?

तुझी,
मावशी

श्रूजबरी, १८ मे

प्रिय मावशी,

सहा आठवडे लागले. पेन हातात घेऊन खाली ठेवलं, असं बरेचदा झालं.

दुसऱ्या वेळी जमलं नाही, हे मी खोटं सांगितलं. जमलं होतं. एकवीस आठवडे जमलं होतं. १९ ऑक्टोबर २०२३ ला गेली. मुलगी होती. नर्सनं विचारलं, हिला नाव द्यायचं आहे का? मी आणि इयननं एकमेकांकडे पाहिलं आणि मी म्हटलं, रेणू. कुठून आलं माहीत नाही. एवढीशी होती म्हणून असेल. मग घरी आलो, आणि ते नाव आम्ही दोघांनीही तोंडातून काढलं नाही. सगळ्यांना पाठदुखी सांगितली. तुझी पिशवी मी खरंच वापरली, मावशी, पोटावर. तेव्हा लाज वाटून घेऊ नकोस.

दोन इसोबेलींची गोष्ट मी इयनला सांगितली. तो हळूच म्हणाला, "आपणही तसं करू शकतो. आमच्या लोकांत चालतं. मुलगी झाली तर तेच नाव." मला धक्का बसला, आणि नंतर रात्रभर वाटत राहिलं की यात वाईट तरी काय आहे? दोन दिवसांनी उत्तर सापडलं. मी स्वतः पहिल्या इसोबेलला दुसरीत मिसळून टाकलं होतं ना? एकच नाव होतं म्हणून मला दोघींची एक बाई दिसली, आणि जी गेली ती कुणालाच दिसली नाही. तू आकडे बघितले नसतेस तर ती तशीच पुसली गेली असती. मी इयनला म्हटलं, नको. त्या नावाची आपली एक आहे.

काल डग्लसचा वाढदिवस झाला. वंशवृक्ष चांगला जेवणाच्या टेबलाएवढा छापून घेतला होता. त्यांनी चष्मा लावला आणि वरून एकेक नाव मोठ्यानं वाचत खाली आले. दोन इसोबेलींपाशी थांबले, मी समजावून सांगितलं. मग खाली आले. इयन आणि माझ्या नावाखाली मी एक ओळ घातली होती, इयनला विचारून. 'रेणू, १९ ऑक्टोबर २०२३'. एकच तारीख.

मला भीती होती, ते काही विचारतील आणि सगळ्यांसमोर मला सांगावं लागेल. त्यांनी एवढंच विचारलं, हे कसं म्हणायचं? मी सांगितलं. त्यांना ण जमेना. तीन-चार वेळा म्हणून पाहिलं, जमेपर्यंत सोडलं नाही. मी रडले, इयन रडला, आणि डग्लस आमच्याकडे न बघता परत वरून वाचायला लागले.

आज सकाळी मी क्लिनिकला हो कळवलं. नऊ जुलैची तारीख मिळाली आहे. सत्तेचाळीसच्या भरवशावर नाही, एक्केचाळीसच्याही नाही. जमलं नाही तर नाही. पण पहिली गेल्यावर जिनं वहीत पुन्हा नाव घातलं, तिच्या मनात काय असेल याचा मला आता थोडा अंदाज येतो.

आणि मी आपल्या घराचा वृक्ष करायला घेतला आहे. ठकूपासून. तुझ्या आणि काकांच्या खाली शंतनूच्या आधी एक जागा ठेवली आहे. तिथं 'बेबी बॉय' लिहिणार नाही. सांगायचं असेल तर सांग.

देवयानी

ट्रॉय, २५ मे

माझी देवयानी,

तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं. ते बागेत टोमॅटोची रोपं लावत होते, हात मातीनं भरलेले. मी म्हटलं, अहो, आपल्याला एक नाव ठरवायचं आहे, तुमच्या डोक्यात काही आहे का? मला वाटलं, आता बसून विचार करावा लागेल, एखादी यादी करू.

त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "ठरवायचं काय? देवदत्त. मी त्याला पहिल्या दिवसापासून देवदत्तच म्हणतो."

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "मोठ्यानं कधी म्हणाला नाहीत?" तर म्हणाले, "तू बाराव्या दिवसाची वाट बघत होतीस."

तेव्हा लिही. देवदत्त अरुण सबनीस, ११ मार्च ते १४ मार्च १९८६. तुझ्या आईलाही मीच फोन करून सांगितलं. रेणूचं नाही सांगितलं, ते तुझं आहे.

आठ जुलैला मी तुझ्याकडे येते आहे. तिकीट काढलं आहे, नको म्हणू नकोस. काकाही येणार आहेत, त्यांना डग्लसना भेटायचं आहे. आणि परवा देवळात एका बाईंनी विचारलं, मुलं किती? मी दोन म्हटलं.

तुझी,
मावशी